हायडन चारचौघांत ऐकवायचा असेल तर

योसेफ हायडन (1732–1809) या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या नावावर 104 क्रमांकित सिम्फनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) आहेत, 68 स्ट्रिंग क्वार्टेट आहेत, पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो) चाळीसच्या वर, शिवाय सोनाटा, मास (ख्रिस्ती उपासनेचं संगीत), ऑपेरा आणि ऑरॅटोरिओ (गायक, कोरस आणि वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना). वर्षानुवर्षं त्याच्यात रमलेल्या माणसाला ही श्रीमंती वाटते. आपण ज्याला ऐकायला बसवतो, त्याला मात्र एवढे आकडे बघूनच दम लागतो. अशा वेळी 'सगळंच चांगलं आहे, कुठूनही सुरू कर' असं सांगणारे रसिक पुष्कळ भेटतात. हा सल्ला दिसायला उदार, पण कामाचा नाही.

हा लेख आहे तो ज्यांना हायडन आवडू लागलाय आणि घरी दोन-चार जणांना जमवून तो ऐकवावा असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी. नोटेशन वाचता यायला हवं अशी अट नाही. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण तर मुळीच नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हायडन हा कानात इअरफोन घालून एकट्याने ऐकण्यापेक्षा सोबतीने ऐकण्यात जास्त खुलतो. ऐकणारा पुढे काय ऐकेन असं समजतोय, यावर हायडनचं सतत लक्ष असतं. तो ते कधी देतो, कधी लांबवतो, कधी भलतंच पुढे करतो. एकट्याला यात गंमत कळते, पण खोलीतले पाच जण एकाच क्षणी फसतात तेव्हाची मजा वेगळीच. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्या सगळ्याचा रोख एकच आहे: ऐकणाऱ्याची अपेक्षा आपण आधी बोलून मारायची नाही.

आधी खोली नीट करा

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा) आणि एक चेलो (त्याहून मोठा, खर्जाचा). हायडनच्या काळी हे संगीत मुख्यतः दिवाणखान्यात वाजायचं. वाजवणारे चौघे, ऐकणारे मोजके. 1781 च्या अखेरीस ओपस 33 चे (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक) सहा क्वार्टेट पुरे झाल्यावर हायडनने ते छापून येण्याआधीच निवडक रसिकांना पत्रं पाठवून हस्तलिखित प्रती देऊ केल्या. हे क्वार्टेट अगदी नव्या, खास पद्धतीने लिहिलेत आणि गेल्या दहा वर्षांत आपण असे लिहिले नव्हते, अशी त्यात जाहिरातही केली होती. म्हणजे टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेले पाच-सहा जण ही काही तडजोड नाही. या संगीताची मूळ जागा जवळपास अशीच होती. हजार खुर्च्यांच्या सभागृहात क्वार्टेट ऐकणं ही नंतरची सवय.

मात्र खोली शांत हवी. हायडनच्या मंद जागा खरोखर मंद असतात आणि आपल्याकडचा छताचा पंखा त्या गिळून टाकतो. शक्य असेल तर थंडीच्या दिवसांत बसा, नाहीतर पंखा एकवर ठेवा. स्वयंपाकघरात कुकर लावलेला असेल तर तो उतरल्यावरच सुरू करा.

मग फोन किंवा लॅपटॉपकडे वळा. पाच गोष्टी तपासायच्या, आणि त्या पाहुणे यायच्या आधी.

गाण्याच्या अ‍ॅपमधलं क्रॉसफेड बंद करा. एक ट्रॅक संपता संपता दुसरा आत सरकवणारी ही सोय पार्टीच्या प्लेलिस्टला ठीक आहे, पण हायडनच्या शांततेवर दुसरं काही वाजू लागलं तर अख्खी संध्याकाळ वाया जाते. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं नॉर्मलायझेशनही बंद करा. ऑटोप्ले बंद. व्हिडिओच्या साइटवरून ऐकवणार असाल तर मध्येच जाहिरात येणार नाही याची खात्री करून घ्या.

पाचवी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रीन झाकून ठेवा. 'अजून दीड मिनिट बाकी' हे ज्याला दिसतंय, त्याला हायडन फसवू शकत नाही.

स्पीकर दोन असतील तर हात-दोन हात नव्हे, चांगले सहा-सात फूट लांब ठेवा. पहिलं आणि दुसरं व्हायोलिन वेगळं ओळखू येणं इथे फार महत्त्वाचं आहे. एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तरी अडत नाही, फक्त सिम्फनी पुढच्या बैठकीवर ढकला.

पहिली बैठक: तीन तुकडे, पाऊण तास

पहिल्या दिवशी अख्खी रचना लावू नका. वाद्यवृंद तर अजिबात नको. लहान वाद्यमेळाचे तीन तुकडे घ्या. प्रत्यक्ष संगीत वीस मिनिटांच्या आत बसतं, बाकीचा वेळ पुन्हा ऐकायला आणि गप्पांना.

सुरुवात जी मेजरमधल्या पियानो ट्रिओच्या शेवटच्या मूव्हमेंटने (मूव्हमेंट म्हणजे रचनेचा एक स्वतंत्र भाग) करा. हा 1795 चा, लंडनमधल्या वास्तव्याच्या काळातला ट्रिओ आहे. शोधताना 'जिप्सी ट्रिओ' म्हटलं की सापडतो. साडेतीन मिनिटांचा, हंगेरियन जिप्सी वादकांच्या ढंगाचा, भरधाव. ज्यांना 'क्लासिकल' म्हटलं की झोप येते त्यांच्यासाठी तो आधी लावायचा. त्याबद्दल काही बोलू नका. लोक आपोआप ताठ बसतात.

दुसरा तुकडा ओपस 76 क्रमांक 3 या क्वार्टेटची दुसरी, संथ मूव्हमेंट. हा क्वार्टेट 'एम्परर' नावाने ओळखला जातो. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रान्त्स याच्यासाठी हायडनने 1797 मध्ये एक स्तवनगीत रचलं, आणि त्याच धूनवर ही मूव्हमेंट उभी केली. आज तीच धून जर्मनीचं राष्ट्रगीत आहे, त्यामुळे फुटबॉल बघणारा एखादा जण पहिल्या चार सुरांतच 'अरे!' म्हणेल. म्हणू द्या.

इथे आधी एकच वाक्य सांगायचं: 'धून पाच वेळा येईल, ती कोणाच्या हातात आहे तेवढं बघा.' पहिल्यांदा ती पहिल्या व्हायोलिनकडे असते. मग दुसरं व्हायोलिन ती घेतं आणि पहिलं तिच्याभोवती बारीक नक्षी काढत राहतं. त्या वेळी व्हायोला आणि चेलो गप्प असतात. तिसऱ्यांदा चेलो, चौथ्यांदा व्हायोला, आणि शेवटी पुन्हा पहिलं व्हायोलिन. आपल्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला हे वेगळं वाटतं, कारण बंदिश हाती आली की ती वाढवायची, खुलवायची अशी आपली अपेक्षा. इथे धून जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि भोवतालचं सगळं बदलत जातं. पाचव्या खेपेला त्याच सुरांखाली स्वरसंगती अशी गडद होते की धून बदलली असं वाटतं. ती बदललेली नसते. चर्चेसाठी ही फार चांगली जागा आहे. दोन गट पडतात, आणि मग पुन्हा लावून बघावंच लागतं.

तिसरा तुकडा ओपस 33 क्रमांक 2 ची शेवटची मूव्हमेंट. साधारण तीन-चार मिनिटांची आहे. या क्वार्टेटचं टोपणनाव मुद्दाम सांगू नका, कारण त्या नावातच सगळं फुटतं. नुसतं लावा आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा.

(तुम्ही स्वतः हा तुकडा अजून ऐकला नसेल तर इथे थांबा, ऐकून या आणि मग पुढचा परिच्छेद वाचा.)

एक उड्या मारणारी सोपी धून वारंवार परत येते, इतक्या वेळा की ती पाठ होते. शेवटाजवळ अचानक गंभीर, संथ असे काही बार (मात्रांचे छोटे गट) येतात, जणू आता काही मोठं घडणार. मग तीच धून तुकड्यातुकड्यांत येते: एक तुकडा, शांतता, दुसरा तुकडा, शांतता. चार तुकडे झाले, धून पुरी झाली. लोक हलतात, कोणीतरी टाळीसाठी हात उचलतो. याहून लांब शांतता जाते आणि धूनचा पहिला तुकडा अगदी हळू पुन्हा येतो. आणि संपतं. म्हणजे संपलं का? सुरुवात करून थांबलंय. चौघं एकमेकांकडे बघतात.

लगेच दुसऱ्यांदा लावा. पहिल्या खेपेला लोक फसतात, दुसऱ्या खेपेला ते हायडन कसं फसवतो ते बघतात, आणि मला विचाराल तर खरी चटक दुसऱ्या खेपेला लागते. पहिल्या बैठकीत एवढंच पुरे. 'आता अजून एक' असं कोणी म्हटलं तरी चहा टाका.

बोलायचं कधी, किती आणि काय

जुन्या रसिकाची मोठी अडचण म्हणजे त्याला खूप माहीत असतं. रोराउ गावचा चाकं बनवणाऱ्याचा मुलगा, व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमधला गायक मुलगा, आवाज फुटल्यावर बाहेर पडलेला, मग 1761 पासून एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत. करारात गणवेश ठरलेला, मोजे पांढरे असावेत हेही ठरलेलं, रोज मालकाच्या दालनाबाहेर हुकुमाची वाट बघत उभं राहायचं, आणि जे लिहू ते मालकाचं, दुसऱ्याला प्रत द्यायची नाही. ही बंदी 1779 च्या नव्या करारात गेली आणि मग त्याची प्रकाशकांशी उघड देवघेव सुरू झाली. हे सगळं रंजक आहेच. पण संगीताआधी सांगितलं तर लोक चरित्र ऐकायला बसतात आणि संगीत पार्श्वभूमीला जातं. चहाच्या वेळी सांगा.

संगीताआधी एक वाक्य, जास्तीत जास्त दोन. तेही 'कशाकडे लक्ष द्या' असं असावं. 'किती सुंदर आहे' असं नको. 'आता ती जागा येईल बघा' म्हणून हाताने खूण करणारा यजमान तर नकोच नको. संगीत संपल्यावर थोडं थांबा आणि मग विचारा: 'कुठे चकलात?' या प्रश्नाला नवखा माणूसही उत्तर देऊ शकतो. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान' एवढंच मिळतं.

दाद देऊ द्या. मूव्हमेंटच्या मध्ये टाळी वाजवायची नाही हा शिष्टाचार आजच्या सभागृहांतला आहे. हायडनच्या लंडनमधल्या कार्यक्रमांत संथ मूव्हमेंट लोकांनी पुन्हा वाजवायला लावल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या घरात एखाद्याच्या तोंडून 'वा' निघालं तर कपाळाला आठी नको.

आता हमखास येणारा प्रश्न: 'यात राग कुठला?' प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्याचं उत्तर कानाने देता येतं. 'एम्परर' क्वार्टेटचीच पहिली मूव्हमेंट घ्या. ती सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एकमध्ये आहे. तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी एकवर लावून ठेवा आणि त्यावर ही मूव्हमेंट सुरू करा. सुरुवातीला सगळं गोड बसतं. मिनिटभरात तानपुरा थोडा खटकायला लागतो, कारण हायडनने षड्ज हलवलेला असतो. मूव्हमेंटच्या मध्यावर गंमत वाढते: व्हायोला आणि चेलो स्वतःच आस धरून बसतात, गावच्या नाचातल्या बॅगपाइपसारखी, पण ती ई मेजरमध्ये. तुमचा तानपुरा एकीकडे, हायडनचा दुसरीकडे, कान उठतात. शेवटी सगळं पांढरी एकवर परत येतं आणि खोलीत सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. षड्ज सोडून लांब जाणं आणि परतणं हाच या संगीताचा प्रवास आहे, हे तासभर समजावून जेवढं कळणार नाही तेवढं पाच मिनिटांत कळतं. एकच काळजी घ्या. या प्रयोगाला आधुनिक वाद्यांवरचं रेकॉर्डिंग लागतं. जुन्या धर्तीच्या वाद्यांवर वाजवणारे स्वर थोडा खाली लावतात, मग तानपुरा पहिल्या सुरापासूनच भांडतो.

नावं आणि क्रमांक

इथे फार रेंगाळण्यात अर्थ नाही, पण एवढं माहीत हवं. हायडनच्या रचनांची मोठी सूची अँथनी व्हान होबोकेन या डच संग्राहकाने केली. तिच्यात रोमन आकडा रचनेचा प्रकार सांगतो (1 म्हणजे सिम्फनी, 3 क्वार्टेट, 15 पियानो ट्रिओ, 16 पियानो सोनाटा) आणि पुढचा आकडा त्या प्रकारातला क्रमांक. वरचा जिप्सी ट्रिओ म्हणजे होबोकेन 15:25. क्वार्टेट मात्र लोक अजून ओपसनेच ओळखतात, सिम्फनी साध्या क्रमांकाने.

टोपणनावं शोधायला सोयीची, पण बहुतेक हायडनने दिलेली नाहीत. 'मिरॅकल' नाव पडलं 96 क्रमांकाच्या सिम्फनीला, कारण म्हणे ती वाजत असताना झुंबर कोसळलं आणि कोणालाच लागलं नाही. झुंबर खरंच पडलं होतं, पण 1795 मध्ये, 102 क्रमांकाच्या सिम्फनीच्या दिवशी. नाव अजून 96 लाच आहे.

आणि काही वस्तू त्याच्या नावावर खपतात. ओपस 3 चे क्वार्टेट, ज्यांतली 'सेरेनेड' खूप लोकप्रिय आहे, ते आता रोमान होफस्टेटर या पाद्र्याचे मानले जातात. खेळण्यांची 'टॉय सिम्फनी'ही त्याची नाही. पाहुण्यांपैकी कोणी हौसेने ही घेऊन आलं तर ऐका, चांगली आहेत, वाद घालू नका.

पुढच्या बैठका

दुसऱ्या खेपेला एक अख्खा क्वार्टेट ऐका. ओपस 64 क्रमांक 5, 'लार्क', वीसेक मिनिटांचा आहे आणि कोणालाही जड जात नाही. चार मूव्हमेंट एका बैठकीत ऐकण्याची सवय त्याने होते.

तिसरी बैठक 45 व्या सिम्फनीची, 'फेअरवेल'ची. ही एकच रचना अशी आहे की जिच्याआधी गोष्ट सांगावी, कारण ती गोष्ट संगीताचाच भाग आहे. 1772 साल. हायडनचा मालक निकोलाउस एस्टरहाझी उन्हाळा एस्टरहाझा इथल्या नव्या राजवाड्यात काढायचा (हे ठिकाण आज हंगेरीत फर्टोड म्हणून आहे). त्या वर्षी मुक्काम लांबला. वादकांची कुटुंबं मागे आयझेनश्टाटला. त्यांनी हायडनकडे गाऱ्हाणं घातलं. हायडनने अर्ज लिहिला नाही, सिम्फनी लिहिली. शेवटची मूव्हमेंट वेगाने सुरू होते, तुटते, आणि एक अनपेक्षित संथ भाग लागतो. त्यात एकेक वादक आपला भाग संपवून मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी मंद आवाजात दोन व्हायोलिन उरतात. मालकाला इशारा कळला आणि दुसऱ्या दिवशी मंडळी निघाली, असं सांगतात.

घरी हे ऐकताना एक खेळ करा. प्रत्येकाला एक वाद्य वाटून द्या: ओबो, हॉर्न, बसून (खर्जातलं फुंकवाद्य), डबल बेस, चेलो, व्हायोला. आपलं वाद्य शेवटचं ऐकू आलं असं वाटलं की त्याने हात वर करायचा. डबल बेसला जाण्याआधी चक्क एक एकल तुकडा मिळतो, त्यामुळे तो ज्याच्या वाट्याला येईल तो खूश. बसूनवाला बिचारा केव्हा गेला ते कळतच नाही, त्यावरून हमखास भांडण होतं. मुलं असतील तर ही बैठक त्यांच्यासाठी राखून ठेवा. मुलांसाठी आणखी एक: 93 व्या सिम्फनीची संथ मूव्हमेंट शेवटापर्यंत ऐकवा. संगीत विरत विरत जवळजवळ थांबतं आणि मग बसून हे वाद्य जे करतं, त्याला सभ्य शब्द नाही.

इतकं हसून झाल्यावर काही जणांचा समज होतो की हायडन म्हणजे विनोदी. म्हणून चौथी बैठक अंधाऱ्या बाजूची हवीच. पियानोवरची एफ मायनरमधली व्हेरिएशन्स, म्हणजे धूनची बदलती रूपं (1793), लावा. पंधरा मिनिटांच्या आत संपतात, आणि शेवटी जे फुटतं ते ऐकल्यावर 'पापा हायडन' ही प्रेमळ प्रतिमा टिकत नाही. दुसरी निवड 'सेव्हन लास्ट वर्ड्स'. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सात उद्गारांवरचं हे संगीत स्पेनमधल्या काडिझ शहरातून आलेल्या मागणीवरून गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी लिहिलं गेलं. एकामागून एक सात संथ मूव्हमेंट, आणि अखेरीस भूकंप. वसई किंवा गोव्याच्या वाचकांना त्या दिवसाचं वातावरण वेगळं सांगायला नको. मूळ रचना वाद्यवृंदासाठी, पण 1787 मध्ये त्याने स्वतःच ती क्वार्टेटसाठीही बेतली. घरी तीच घ्या. सगळी एका दमात मात्र नको, दोन-तीन उद्गार आणि भूकंप पुरे.

या बैठकीच्या चहाला दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मारियाना फॉन गेन्त्सिंगर ही व्हिएन्नातल्या एका डॉक्टरची पत्नी. तिने हायडनच्या एका सिम्फनीतली संथ मूव्हमेंट पियानोसाठी बसवली आणि अभिप्रायासाठी त्याच्याकडे पाठवली. तिथून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. तिच्या घरी संगीताच्या बैठका व्हायच्या, आणि 1790 च्या फेब्रुवारीत एस्टरहाझाला परतल्यावर हायडन तिला लिहितो की मी इथे माझ्या रानात बसलोय, आणि त्या संध्याकाळी आठवून हळहळतो. दुसरी गोष्ट 1802 ची. बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगन बेटावर बेर्गन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या काही हौशी मंडळींनी त्याचं 'क्रिएशन' हे ऑरॅटोरिओ बसवलं आणि आभाराचं पत्र पाठवलं. सत्तरीच्या हायडनने त्यांना सविस्तर उत्तर दिलं: काम जड होई तेव्हा आतून वाटायचं की जगात सुखी माणसं थोडी आहेत, आपल्या श्रमातून चिंतेत बुडालेल्या कोणाला घटकाभर विसावा मिळेल. युरोपभर नाव झालेल्या माणसाने एका आडगावच्या रसिकमंडळाला लिहिलेलं हे पत्र आहे.

पाचवी बैठक लंडनची. 1790 मध्ये मालक वारला, योहान पेटर झालोमोन नावाचा व्हायोलिनवादक-आयोजक व्हिएन्नात दारात येऊन उभा राहिला, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हायडन इंग्लंडला गेला. 1791–92 आणि 1794–95 अशा दोन फेऱ्यांत 93 ते 104 या बारा सिम्फनी तिथल्या श्रोत्यांसाठी झाल्या. पहिल्यांदा 94 ची, म्हणजे 'सरप्राइज'ची, संथ मूव्हमेंट ऐकवा. आठ बारांची बाळबोध धून हळू येते, मग तीच आणखी हळू, आणि सोळाव्या बारात सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. हे नाव आणि हा धक्का बहुतेकांना ऐकून माहीत असतो, त्यामुळे दचकवण्याच्या भरवशावर राहू नका. वेगळी गोष्ट दाखवा: तो धक्का पुढे तसा परत येत नाही. ऐकणारा पूर्ण मूव्हमेंटभर त्याची वाट बघतो, आणि हायडन धून फिरवत राहतो, धक्का देत नाही. पुढे 'सीझन्स' (1801) या ऑरॅटोरिओत शेतकरी नांगरताना हीच धून शिट्टीवर वाजवतो. स्वतःच्या गाजलेल्या गाण्याची अशी थट्टा करणारे संगीतकार थोडे.

90 व्या सिम्फनीची शेवटची मूव्हमेंट कधीतरी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना लावा. ओपस 33 च्या बैठकीला लागून नको, लोक सावध असतात. दणक्यात शेवट होतो, टाळ्या पडतात, चार बार शांतता, आणि संगीत भलत्याच स्वरात पुन्हा चालू. स्क्रीन झाका म्हणालो ते मुख्यतः हिच्यासाठी. वादकांनी पुनरावृत्ती पाळली असेल तर तेच लोक दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा फसतात.

कोणतं रेकॉर्डिंग

या प्रश्नावर जुने रसिक रात्र जागवतात. नवख्याने दोनच गोष्टी बघाव्यात. एक, वाद्यवृंद केवढा. एस्टरहाझींच्या पदरी पंधरा-वीस वादक असत. 1795 मध्ये लंडनला ही संख्या साठच्या आसपास गेली. म्हणून आधीच्या सिम्फनी लहान संचात आणि लंडनच्या मोठ्या संचात ऐकणं योग्य वाटतं. दोन, वाद्यं आजची की त्या काळच्या धर्तीची.

सगळ्या सिम्फनी एका हाती हव्या असतील तर अंताल दोराती आणि फिलहार्मोनिया हंगारिका यांचा संच आजही भक्कम आहे. आडाम फिशर यांचा संच आयझेनश्टाटच्या एस्टरहाझी राजवाड्यातल्या सभागृहातच ध्वनिमुद्रित झाला, म्हणजे खोलीही हायडनचीच. जोवान्नी अंतोनिनी जुन्या धर्तीच्या वाद्यांवर सगळ्या सिम्फनी करताहेत, आणि हायडनच्या 300 व्या जयंतीला, म्हणजे 2032 ला, तो प्रकल्प पुरा करायचा बेत आहे. माझा कल अंतोनिनींकडे आहे. त्यांच्याकडे शांतता खरोखर ताणलेली असते. ओपस 76 साठी ताकाच क्वार्टेट (तानपुऱ्याचा प्रयोगही यांच्यावर करा), जुन्या बाजाच्या तारांवर ऐकायचं तर क्वाट्युऑर मोझाइक. ट्रिओंसाठी बो आर्ट्स ट्रिओ. एफ मायनर व्हेरिएशन्ससाठी आल्फ्रेड ब्रेंडेल.

तुलना करायची तर दोन मिनिटांचा एकच तुकडा दोन रेकॉर्डिंगमधून ऐकवा, आणि कोणतं कोणाचं ते नंतर सांगा. तीन रेकॉर्डिंग झाली की ऐकणारे थकतात.

मंडळ जमल्यावर

पाच-सहा बैठका झाल्या की निवड दुसऱ्याकडे सोपवा. हे जुन्या रसिकाला जड जातं, पण दुसऱ्याने निवडलेला तुकडा आपणही नव्याने ऐकतो. ज्याला स्कोअर (रचनांच्या लिखित प्रती) वाचायची हौस आहे त्याला त्या आंतरजालावर फुकट मिळतात, मात्र पहिल्या ऐकण्यात कागद समोर नको. मुंबईत असाल तर एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) कार्यक्रमपत्रिकेवर नजर ठेवा. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच आहे. हायडन पत्रिकेवर बहुधा पहिला, 'गळा गरम करायला' म्हणून असतो. त्यामुळे वेळेआधी पोचा.

'क्रिएशन' शेवटी ठेवा. पूर्ण ऐकायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. शब्द छापून हातात द्या. 1800 मध्ये ते जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलं गेलं, तेव्हा इंग्रजीतलं रेकॉर्डिंग लावायला कमीपणा नाही. सुरुवातीचं 'केऑस' (सृष्टीआधीचा गोंधळ) मंद आहे, आणि त्यानंतर 'प्रकाश' या शब्दावर कोरस आणि वाद्यवृंद सी मेजरमध्ये एकदम उजळतात. आवाज या जागेवरून ठरवा. केऑस ऐकू येत नाही म्हणून वाढवलात तर शेजारी दार वाजवतील. तीन भाग आहेत, एका संध्याकाळी पहिला भाग पुरे. 27 मार्च 1808 रोजी व्हिएन्नाच्या विद्यापीठात संगीतकार सालिएरीच्या संचालनाखाली हे ऑरॅटोरिओ झालं, तेव्हा शहाहत्तरीला टेकलेल्या हायडनला खुर्चीत बसवून आणलं होतं, आणि पहिला भाग झाल्यावर त्यालाही घरी नेलं होतं.